बिनवायरच्या करवतीचा हिशेब

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि दुपारपर्यंत दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत एकही रस्ता मोकळा राहिला नाही. आंबा, फणस, नारळ, जुनी सागाची झाडे, विजेचे खांब सगळे आडवे झाले. वीज गेली ती आमच्याकडे तीन आठवड्यांनी आली. त्या तीन आठवड्यांत मी तीन यंत्रांकडे पाहत बसलो आणि या लेखाची सुरुवात तिथे झाली.

पहिले यंत्र माझे स्वतःचे, वायरचे ड्रिल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सचे, तीस वर्षे जुने, अजून ठणठणीत. पण वीजच नाही, तर ते ठोकळ्यासारखे कपाटात पडून राहिले. दुसरे यंत्र म्हणजे पेट्रोलची चेनसॉ. आमच्याकडे तिला नुसते ‘कटर’ म्हणतात. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तिचा आवाज वाडीभर घुमत होता, आणि ज्याच्याकडे कटर त्याच्या दारात माणसांची रांग. तिसरे यंत्र पलीकडच्या आळीतल्या तरुण सुताराचे, बॅटरीवरचे ड्रिल. उडालेले पत्रे पुन्हा अँगलवर बसवायला त्या एका ड्रिलने जे काम केले, ते दहा माणसांच्या हातांनी झाले नसते. बाजारपेठेत जनरेटरवर मोबाइल चार्ज करून देणाऱ्याकडे तो रोज दोन बॅटऱ्या ठेवून यायचा.

मी त्याला म्हटले, “मशीन चांगलंय रे. महाग असेल.”

तो हसला. “काका, मशीन स्वस्तच असतं. बॅटरी महाग.”

मी इंजिनिअर नाही. मॅट्रिकनंतर हार्डवेअरच्या दुकानात वही लिहायला लागलो आणि तीस वर्षे तेच केले. ड्रिल, कटर, रंधा, ग्राइंडर यांच्या किमती माझ्या हाताखालून गेल्या. गिऱ्हाईक विचारायचे, “यातलं चांगलं कोणतं आणि परवडणारं कोणतं?” आम्ही व्होल्ट, वॅट आणि किंमत सांगायचो. सुताराच्या त्या एका वाक्याने माझ्या लक्षात आले की आम्ही तीस वर्षे अर्धाच हिशेब सांगत होतो. म्हणून या हातयंत्रांचा इतिहास मुळापासून वाचायला घेतला. त्यातून जे हाती आले ते असे, की वायरीतून सुटण्यासाठी माणसाने सव्वाशे वर्षे खटपट केली, सुटलाही. पण सुटताना तो दुसऱ्या एका खुंट्याला बांधला गेला. त्या खुंट्याची किंमत दुकानातल्या पाटीवर लिहिलेली नसते.

स्टुटगार्टची वायर

हातात धरता येणारे पहिले विजेचे ड्रिल जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात, फाइन या कंपनीने १८९५ साली बनवले. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये आर्थर आर्नोट यांनी १८८९ मध्ये विजेच्या ड्रिलचे पेटंट घेतले होते; पण ते खडक फोडण्याच्या कामाचे धूड होते. फाइनचे ड्रिल हातात धरून चालवता येत होते, तरी पेलायला धट्टाकट्टा माणूस लागे.

आज आपण ओळखतो ते पिस्तुलाच्या आकाराचे ड्रिल अमेरिकेतले. बाल्टिमोर शहरात डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोघांनी १९१० साली बाराशे डॉलरांच्या भांडवलावर छोटा कारखाना काढला. ब्लॅक यांनी त्यासाठी आपली मोटार विकली होती. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका, या रचनेचे पेटंट त्यांना १९१७ मध्ये मिळाले. कारागिराचा एक हात मोकळा झाला, ही खरी क्रांती. पण ते यंत्र कारखान्यांसाठी होते, घरासाठी नव्हे.

घरात ते शिरले दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धकाळात कारखान्यांतले कामगार ड्रिल घरी नेत आणि परत आणत नसत, हे कंपनीच्या लक्षात आले. चोरीची तक्रार करण्याऐवजी त्यांनी त्यातून धंदा ओळखला. १९४६ साली घरगुती ड्रिल बाजारात आले, किंमत १६ डॉलर ९५ सेंट. त्या काळी अमेरिकन कारखान्यात मजुरी तासाला डॉलरभर होती. म्हणजे दोन दिवसांच्या मजुरीत ड्रिल. मजुरीच्या दिवसांत किंमत मोजण्याची ही सवय वाचकांनी लावून घ्यावी. पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने किमती ताडून पाहायला रुपया किंवा डॉलर हे फार फसवे माप आहे.

आपल्याकडे मुंबईत मुलुंडच्या रॅलीवुल्फने आणि १९७६ नंतर शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सने ही वायरची यंत्रे देशी केली. त्यांचे मोठेपण असे की ती दुरुस्त होत. कार्बन ब्रश झिजला तर नागदेवी स्ट्रीटवर किरकोळ पैशांत नवा मिळे. आर्मेचर जळले तर तालुक्याच्या गावीसुद्धा रिवाइंडिंग करून देणारा माणूस असे. माझ्या ड्रिलचे आर्मेचर दोनदा भरले आहे. त्याची खरी किंमत काढायची तर खरेदीचे पैसे अधिक दोन रिवाइंडिंग, भागिले तीस वर्षे.

करवत मुळात विजेचीच होती

चेनसॉ म्हटले की पेट्रोलचा वास आणि कानठळ्या आठवतात. पण वाचकांना आश्चर्य वाटेल, आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली स्टुटगार्टमध्ये बनवलेली पहिली साखळी करवत विजेची होती. दोन माणसांनी दोन बाजूंनी धरायची, मोटर २.२ किलोवॅटची, वजन ६४ किलो. पडलेले ओंडके कापायला ती चालत होती. उभे झाड मात्र जंगलात असते आणि जंगलात वीज नसते.

म्हणून पेट्रोल आले. १९२७ मध्ये थुरिंगियातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर एमिल लेर्प यांनी पेट्रोलवरची करवत चालवून दाखवली आणि डोंगराचेच नाव कंपनीला दिले. १९२९ मध्ये स्टिल यांचीही पेट्रोल करवत आली, सहा अश्वशक्तीची, ४६ किलोची. १९५० मध्ये एका माणसाने चालवायची १६ किलोची, आणि १९५९ मध्ये ‘कॉन्ट्रा’, पुन्हा सहा अश्वशक्तीची, पण फक्त १२ किलोची.

येथे मी माझे एक माप वापरतो: एका किलोवॅट शक्तीसाठी कारागिराला किती किलो वजन उचलावे लागते? १९२६ च्या विजेच्या करवतीत ते २९ किलो होते. १९२९ मध्ये साडेदहा. १९५९ च्या कॉन्ट्रामध्ये पावणेतीनच्या आत. आजच्या पन्नास सीसीच्या व्यावसायिक पेट्रोल करवतीत ते पावणेदोन किलोच्या आत आहे. पेट्रोल करवतीने जग जिंकले ते या आकड्यांच्या जोरावर. साखळीच्या दातांतही सुधारणा झाली. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे पाहून १९४६-४७ च्या सुमारास नव्या धर्तीची साखळी बनवली. आजची साखळी तिचीच वंशज आहे.

पण ज्याचा हिशेब वहीत येत नाही अशी किंमतही होती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा बराच भाग न जळताच धुरातून बाहेर पडतो, आणि करवत चालवणाऱ्याचे तोंड त्या धुरातच असते. इंजिनाच्या थरथरीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. युरोपातल्या जंगल कामगारांत हा आजार इतका पसरला की १९६० च्या दशकात कंपन्यांना मुठीला रबराचे धक्काशोषक लावणे भाग पडले. आमच्याकडे वादळानंतर पंधरा दिवस कटर चालवलेल्या एका माणसाला संध्याकाळी चहाचा कप धरता येत नव्हता, हे मी पाहिले आहे.

बॅटरी येते, आणि चंद्रावर जाते

निकेल-कॅडमियम बॅटरीचा शोध स्वीडनच्या वाल्देमार युंगनर यांनी १८९९ मध्ये लावला. ती ड्रिलमध्ये बसायला साठ वर्षे गेली. १९६१ साली ब्लॅक अँड डेकरने बॅटरीवरचे पहिले ड्रिल बाजारात आणले. बॅटरी ४.८ व्होल्टची, शक्ती वायरच्या ड्रिलच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. ते चालले ते केवळ वायर नव्हती म्हणून.

बिनवायरची हत्यारे अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने, नासाने, शोधली असे पुष्कळदा छापून येते. ते खरे नाही. खुद्द नासानेच तसे स्पष्ट केले आहे. चांद्रमोहिमेच्या कितीतरी आधी ती बाजारात होती. खरी गोष्ट अशी, की चंद्राची जमीन खोदण्यासाठी नासाला जे ड्रिल हवे होते, त्याच्या कामात ब्लॅक अँड डेकरचा हात होता. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी ते चंद्रावर चालवले. त्याची बॅटरी निकेलची नव्हती, चांदी-जस्ताची होती, आणि ती कमी पडली नाही. अडले ते पात्याच्या रचनेत. सांध्यापाशी खोबणी नीट नसल्याने खोदलेला चुरा वर येईना आणि पाते जमिनीत अडकून बसले. पुढच्या वर्षी अपोलो १६ मध्ये पाते सुधारले होते, भोक व्यवस्थित पडले. पण जमिनीची उष्णता मोजणाऱ्या उपकरणाच्या वायरीत जॉन यंग यांचा पाय अडकला, वायर तुटली आणि प्रयोग वाया गेला. बॅटरीच्या बाजूने याहून चांगली साक्ष मला दुसरी सापडली नाही.

पृथ्वीवर बॅटरीचे ड्रिल सुताराच्या हाती आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी जपानला जाते. नागोयामध्ये १९१५ साली मोसाबुरो माकिता यांनी विजेच्या मोटरी दुरुस्त आणि विक्री करण्याचे दुकान काढले होते. त्याच माकिता कंपनीने १९७८ मध्ये ७.२ व्होल्टचे निकेल-कॅडमियम ड्रिल आणले. मग ९.६, १२, १४.४, १८ अशी व्होल्टची शिडी सगळ्याच कंपन्या चढत गेल्या. पण निकेल-कॅडमियमला दोन खोडी होत्या. अर्धवट वापरून पुन्हा चार्ज करत राहिले की ती थकत जाई, आणि कॅडमियम हा विषारी धातू आहे. युरोपीय संघाने २००६ मध्ये इतर वस्तूंतल्या कॅडमियम बॅटऱ्यांवर बंदी घातली, तेव्हा बिनवायरच्या हत्यारांना मात्र सूट दिली. ती सूट २०१६ च्या अखेरीपर्यंत चालली. पर्याय महाग आहे, एवढेच त्यामागचे कारण.

जळालेल्या कंपनीची बॅटरी

पर्याय होता लिथियमचा. त्याच्या इतिहासातला एक धागा फारसा सांगितला जात नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली मोली एनर्जी ही कंपनी १९८० च्या दशकात पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या बनवत होती. १९८९ मध्ये जपानमध्ये त्या बॅटरीवर चालणाऱ्या फोनना आग लागली, माल परत मागवावा लागला आणि कंपनी बुडाली. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यात लिथियम धातूच्या रूपात नसल्याने धोका कमी होता. मोली हातोहात विकली गेली, शेवटी तैवानी मालकांकडे आली आणि स्वतःही लिथियम-आयन बनवू लागली.

कॅमेरा किंवा फोन बॅटरीतून वीज थेंब थेंब घेतो. ड्रिल आणि करवत ती घटाघटा पितात. १९९० च्या दशकातले लिथियम सेल ही तहान भागवू शकत नव्हते. २००३ मध्ये बॉशने ‘इक्सो’ नावाचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर लिथियमवर आणला. पण तो हलक्या कामाचा. २००५ मध्ये अमेरिकेच्या मिलवॉकी कंपनीने २८ व्होल्टची दणकट यंत्रे लिथियमवर आणली. त्यांतले मँगनीजवर आधारलेले सेल बनवले होते त्याच मोलीने. फोनमधल्या आगीत बुडालेल्या कंपनीचे सेल सुतार आणि प्लंबर यांच्या हातात स्थिरावले. त्याच वर्षी माकिताचे लिथियम ड्रिल आले. पुढच्या वर्षी डीवॉल्टने लोह-फॉस्फेट सेलांची ३६ व्होल्टची यंत्रे आणली. त्यात कार्बन ब्रश नसलेल्या मोटरींची भर पडली: घर्षण कमी, उष्णता कमी, त्याच बॅटरीत जास्त काम.

करवत पुन्हा विजेकडे

२०१० च्या सुमारास बॅटरीच्या चेनसॉ आल्या तेव्हा लाकूडतोडे त्यांना खेळणे म्हणत. २०२२ मध्ये स्टिलने एमएसए ३०० ही करवत आणली. तिची शक्ती ३ किलोवॅट, साखळीचा वेग सेकंदाला ३० मीटर. त्याच कंपनीच्या पन्नास सीसीच्या पेट्रोल करवतीची शक्तीही ३ किलोवॅटच. म्हणजे ताकदीत बरोबरी झाली.

सहनशक्तीत मात्र झालेली नाही, आणि इथेच जाहिरातीतली तुलना लंगडी पडते. या करवतीची मोठी बॅटरी ३३७ वॅट-तासांची. पेट्रोल करवतीच्या टाकीत अर्धा लीटर पेट्रोल मावते. एक लीटर पेट्रोलमध्ये नऊ हजारांहून अधिक वॅट-तास ऊर्जा असते. टू-स्ट्रोक इंजिन त्यातली चार-पाच हिश्श्यांपैकी तीन-चार हिस्से धुरात आणि उष्णतेत घालवते. तरीही अर्ध्या लीटरमधून आठ-नऊशे वॅट-तासांचे काम निघते. बॅटरीतले नुकसान धरले तर एक टाकी म्हणजे सुमारे तीन बॅटऱ्या. टाकी दोन मिनिटांत भरते. दिवसभर मोठे वृक्ष पाडणाऱ्याला आजही पेट्रोलच परवडते. फांद्या छाटणारा, बागेतले मोजके काम करणारा, वस्तीत झाड कापणारा यांना बॅटरी परवडते: धूर नाही, थरथर कमी, खटका दाबेपर्यंत शांतता.

वारे कोणत्या दिशेने वाहते आहे ते मात्र स्पष्ट आहे. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये ठरवले की २०२४ पासून अशा लहान पेट्रोल इंजिनांची नवी यंत्रे बहुतांशी विकता येणार नाहीत. एमिल लेर्प यांची डोल्मार कंपनी १९९१ मध्ये माकिताने विकत घेतली होती. मार्च २०२२ अखेर माकिताने पेट्रोल इंजिनांची यंत्रे बनवणेच थांबवले. १९२७ मध्ये त्या डोंगरावर सुरू झालेली एक परंपरा बॅटरीपाशी येऊन संपली.

खुंट्याची किंमत

आता सुताराच्या वाक्याकडे येऊ. आधी व्होल्टची गोष्ट. दुकानात एका डब्यावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २० व्होल्ट मॅक्स असे लिहिलेले असते आणि गिऱ्हाईक वीसवाला उचलते. आत दोन्हीकडे एकामागोमाग जोडलेले पाचच सेल असतात. सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पाचांचा १८. पूर्ण चार्ज झाल्याबरोबर तो चारच्या वर असतो, म्हणून वीस. वस्तू तीच, मोजण्याची वेळ वेगळी. तुलना करायची तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. ही बॅटरीची खरी शेर-मापटी, आणि किंमत या मापाने काढावी.

ब्लूमबर्ग एनईएफ या संस्थेच्या पाहणीनुसार लिथियम बॅटरीची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये दर किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, ती २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. या भावाने ९० वॅट-तासांना दहा डॉलर पडतात, म्हणजे हजार रुपयांच्या आत. नामांकित कंपनीची तेवढीच बॅटरी दुकानात त्याच्या कित्येक पट किमतीला मिळते, आणि पुष्कळदा नुसत्या ड्रिलहून महाग असते. हा हिशेब थोडा एकांगी आहे, हे मान्य करतो. ती सरासरी मुख्यतः मोटारींच्या प्रचंड बॅटऱ्यांची आहे. ड्रिलचे सेल वेगळ्या जातीचे, शिवाय आतले संरक्षक सर्किट, वेष्टन, वॉरंटी आणि दुकानदाराचा वाटा. तरी एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. उरलेली किंमत आहे खाचेची.

प्रत्येक कंपनीच्या बॅटरीची खाच वेगळी. आतले सेल सारखे, दाब सारखा, पण एकीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात बसत नाही. म्हणून नुसते यंत्र स्वस्तात मिळते. एकदा दोन बॅटऱ्या आणि चार्जर घरात आले की पुढचा ग्राइंडर, करवत, चेनसॉ त्याच कंपनीची घ्यावी लागते. आमच्या दुकानाच्या मालकांनी एका कंपनीची बारा व्होल्टची यंत्रे मोठ्या हौसेने ठेवली होती. काही वर्षांनी त्या बॅटऱ्या येणे बंद झाले. धडधाकट ड्रिल घेऊन गिऱ्हाइके यायची आणि आम्ही हात जोडायचो. त्यातले एकही ड्रिल बिघडलेले नव्हते.

कंपन्यांनाही हे कळते. जर्मनीच्या मेटाबोने २०१८ मध्ये अनेक उत्पादकांना एकाच बॅटरीवर आणणारा गट काढला. बॉशनेही तसा एक गट काढला आहे आणि त्यात फाइनही सामील आहे. १८९५ मध्ये पहिले हातड्रिल बनवणारी कंपनी आज त्याच शहरातल्या दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीला आपली यंत्रे जोडते. पण गट अनेक आहेत. खुंटे कमी झाले, दावे सुटले नाही.

दुसरा प्रश्न मेलेल्या बॅटरीचा. काहीशे ते हजारभर वेळा चार्ज झाली की ती थकते. न वापरताही थकते. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तालुक्याच्या गावात मात्र ती भंगारवाल्याकडे जाते. नाहीतर कुणी हुशार मुलगा आतला मेलेला सेल काढून नवा डकवतो, कधी नीट, कधी जिवावर बेतेल असा. रिवाइंडिंगवाल्याची जागा घेणारा शिकलेला कारागीर अजून तयार व्हायचा आहे.

म्हणून आता कोणी विचारले, “यातलं चांगलं कोणतं?” तर मी उलट चार प्रश्न विचारतो. दिवसाला किती वॅट-तासांचे काम आहे? पाच वर्षांत किती बॅटऱ्या लागतील? ही खाच दहा वर्षांनी बाजारात असेल का? आणि बिघडले तर दुरुस्त करणारा किती मैलांवर आहे? या चार उत्तरांची बेरीज म्हणजे किंमत. पाटीवरचा आकडा ही फक्त विसार रक्कम.

परवा तो सुतार पुन्हा भेटला. वादळातल्या त्या दोन बॅटऱ्यांपैकी एक गेली आहे, दुसरी निम्मी धरते. नव्या दोन घ्यायच्या की नव्या कंपनीचा अख्खा संच, या विचारात तो आहे. मी वही काढली आणि आम्ही ओसरीवर बसून हिशेब मांडला. त्याच्या मजुरीत तो बारा दिवसांचा निघाला. घरी येऊन मी माझे जुने ड्रिल कपाटातून काढले, ब्रश पाहिले आणि वायर गुंडाळून पुन्हा ठेवले. वीज असेल तोवर ते चालेल.